सदतीस मैलांचा फेरा

कायदा माणसाला आवरतो, असे आपण धरून चालतो. पण एखादा कायदा माणसाला इतका आवळतो, की तो कुंपणावरून उडी मारून शेजारच्या अंगणात जातो आणि तिथे मनसोक्त धावतो. इंग्लंडात असेच झाले. १९०३ साली तिथे मोटारींचा कायदा झाला आणि वेगाची मर्यादा ठरली ताशी २० मैल. ज्या देशाने जगाला आगगाडी दिली, त्याच देशात मोटारवाल्याने चांगल्या घोड्याच्या मागे राहावे असा हा हुकूम! रस्ते बंद करून शर्यत लावू म्हटले, तर त्यालाही परवानगी नाही. तिकडे फ्रान्समध्ये मोटारी वाऱ्यासारख्या धावत होत्या आणि इकडचे कारागीर हात चोळीत बसले होते.

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामध्ये, आयरिश समुद्रात, मॅन नावाचे एक बेट आहे. लांबी जेमतेम ३३ मैल. राजा इंग्लंडचाच, पण कायदेमंडळ त्यांचे स्वतःचे. त्याचे नाव टिनवाल्ड, आणि ते हजार वर्षांहून जुने आहे हा बेटवाल्यांचा मोठा अभिमान. १९०४ साली ऑटोमोबाइल क्लबचे चिटणीस ज्युलियन ऑर्ड या बेटावर गेले. तिथले गव्हर्नर लॉर्ड रॅग्लन हे त्यांच्या नात्यातले. ओळखीपाळखी आणि नातीगोती यांचे वजन फक्त आपल्याकडेच असते, असे नाही. टिनवाल्डने झटपट कायदा केला आणि शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ते बंद करण्याची मुभा दिली. आधी मोटारी धावल्या. मग फटफट्यांची पाळी आली. २८ मे १९०७ या दिवशी ‘टूरिस्ट ट्रॉफी’ची पहिली शर्यत झाली. जगभरचे शौकीन तिला नुसते ‘टीटी’ म्हणतात.

आता पुण्यातल्या एका बाईने हे सारे पाठ का करावे, असे कुणी विचारील. सांगते. पुणेकरणीला दुचाकीचे नवल नाही. आमच्याकडे मूल चालायला लागते आणि लगेच स्कूटरच्या पुढच्या फळीवर उभे राहते. पण माझा या वाहनावर जुना राग आहे. माझा थोरला भाऊ एका सकाळी स्कूटरवरून दूध आणायला गेला. हमरस्ता नव्हता, आमच्याच पेठेतले रोजचे वळण. त्याचा वेग सायकलीएवढा असेल. मागून ट्रक आला. दुधाची पिशवी फुटली नव्हती. ती एका पोलिसाने घरी आणून दिली. ते दूध पुढे कुणी तापवले की कुणी ओतून दिले, हे मला आठवत नाही.

म्हणून माझा मुलगा लिव्हरपूलला नोकरीला गेला, तेव्हा मला एका गोष्टीचे समाधान वाटले होते, की तिकडे पाऊस फार. तिकडे तो बसने हिंडेल. त्याने मोटारसायकल घेतल्याचे मला सहा महिन्यांनी कळले. आणि दर उन्हाळ्यात रजा काढून तो बोटीने मॅन बेटावर जातो आणि जगातल्या सर्वांत धोकादायक समजल्या जाणाऱ्या शर्यतीत वळणावर झेंडा धरून उभा राहतो, हे कळायला आणखी दोन वर्षे लागली. “आई, मी शर्यतीत नाही. मी नुसता झेंडा धरतो,” तो म्हणाला. हे ‘नुसता’ काय असते ते पाहावे, म्हणून २०२३ च्या जूनमध्ये मी त्याच्याबरोबर बोटीत बसले. आणि कुठल्याही गावी जायचे तर त्या गावचे पुराण आधी वाचून जायचे, ही माझी जुनी खोड.

पुराणाचा पहिला अध्याय मोठा मजेचा आहे. १९०७ साली २५ स्वार निघाले. सेंट जॉन्स गावाभोवतीचा सुमारे १६ मैलांचा रस्ता, त्याचे १० फेरे. ‘टूरिस्ट’ हे नाव उगाच नव्हते. गाडी साध्या प्रवाशाची हवी. तिला बसायला खोगीर, चिखल अडवायला पंखे, आवाज दाबायला नळी हवी, आणि पेट्रोलसुद्धा मोजून मिळायचे. चढावर इंजिन दमले की पाय मारायला पेडलही होते! मधे १० मिनिटांची सक्तीची विश्रांती. एका सिलिंडरच्या गाड्यांमध्ये चार्ली कॉलियर पहिला आला. त्याची ‘मॅचलेस’ त्याच्या घरच्याच कारखान्यातली. सरासरी वेग ताशी ३८ मैल. दोन सिलिंडरच्या गाड्यांमध्ये रेम फाउलर जिंकला, ‘नॉर्टन’वर. त्याची चाके पंक्चर झाली, प्लग किती बदलले त्याला गणती नाही, वाटेत तो आपटलाही. अखेर वैतागून सोडून देण्याच्या विचारात असताना बाजूच्या एका प्रेक्षकाने सांगितले, की अहो, तुम्ही अर्धा तास पुढे आहात! तेव्हा कुठे गडी पुन्हा बसला. आपण किती पुढे आहोत हे माणसाला स्वतःला कळत नाही. ते रस्त्याच्या कडेला उभा असलेलाच सांगू शकतो. या शर्यतीत कडेला उभ्या असलेल्या माणसाचे महत्त्व पहिल्या दिवसापासून आहे.

१९११ साली शर्यत डोंगरावर गेली आणि खरा खेळ सुरू झाला. डग्लस या राजधानीतून निघायचे, खेड्यापाड्यांतून उत्तरेच्या रॅम्सी गावापर्यंत जायचे आणि स्नेफेल या २,०३६ फुटी डोंगराच्या खांद्यावरून परत डग्लसला उतरायचे. आजच्या मोजणीने हा फेरा ३७.७३ मैलांचा आहे आणि त्यात दोनशेहून अधिक वळणे आहेत. त्या काळी डोंगरावरचा रस्ता म्हणजे गाडीवाट. सांगतात, की पहाटेच्या सरावात पहिल्या स्वाराने मेंढरांची फाटके उघडीत जायचे आणि शेवटच्याने ती लावीत यायचे. पण या डोंगराने यंत्रांना शहाणे केले. तोवरच्या बहुतेक गाड्यांना कातडी पट्टा आणि एकच गिअर असे. तो पट्टा या चढावर घसरू लागला. साखळी आणि दोन वेगांचा गिअर घेऊन आलेल्या अमेरिकन कंपनीने मोठ्या गाड्यांच्या शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. त्या कंपनीचे नाव होते ‘इंडियन’! ते नाव तिथल्या मूळ रहिवाशांवरून घेतलेले, आपला त्यात काडीचा वाटा नाही. तरी १९११ च्या निकालात ओळीने तीनदा ‘इंडियन’ वाचताना मला उगाचच बरे वाटले.

त्याच वर्षी सरावात व्हिक्टर सरिज हा स्वार ग्लेन हेलनजवळ मरण पावला. या बेटावरच्या मोटारसायकलशर्यतीचा तो पहिला बळी. त्यानंतर या डोंगरी वाटेवर अडीचशेहून अधिक स्वारांनी जीव गमावला आहे. हा आकडा मी बोटीत वाचला आणि पुस्तक मिटून समुद्राकडे पाहत बसले.

लिव्हरपूलहून डग्लसला पोचायला पावणेतीन तास लागले. बोटीचे नाव ‘मनानन’. हा तिथल्या जुन्या कथांमधला सागरदेव. शत्रू आला की तो आपली धुक्याची शाल बेटावर पांघरतो, अशी श्रद्धा. आजही स्नेफेलवर धुके उतरले की लोक म्हणतात, मनाननने शाल पांघरली. मग शर्यत थांबते. कारण धुक्यात जखमींना नेणारे हेलिकॉप्टर उडू शकत नाही. डग्लसहून दक्षिणेला जाताना वाटेत पऱ्यांचा पूल लागतो. पुलावरून जाताना पऱ्यांना नमस्कार घालायचा, नाही तर काहीतरी विपरीत घडते. मी पाहिले, की अंगभर कातडी पोशाख घातलेले दांडगे मोटारसायकलवाले तिथे वेग कमी करून गंभीरपणे मान लववत होते. घाटाच्या तोंडाशी नारळ फोडणारे आमचे ट्रकवाले त्यांना लगेच ओळखू आले असते.

आम्ही एका वृद्ध बाईंच्या घरी उतरलो होतो. त्यांच्या घराची दगडी भिंत हीच शर्यतीच्या रस्त्याची कड. शर्यत सुरू असली की त्यांना पुढच्या दाराने बाहेर पडता येत नाही. दूध, भाजी, डॉक्टर, सगळे रस्ता बंद होण्याच्या आधी किंवा उघडल्यावर. “लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या जूनचे वेळापत्रक असेच,” त्या हसून म्हणाल्या. मला सर्वांत नवल वाटले ते याचेच. ही शर्यत मैदानात होत नाही. ती टपालपेटी, चर्च, गुत्ता, शाळा आणि बागेची कुंपणे यांच्यामधून जाते. बॅलॉ गावच्या छोट्या पुलावर तर गाडीची दोन्ही चाके जमीन सोडतात; एखादी म्हैस ओढा ओलांडील इतका लहान तो पूल!

मी भिंतीच्या आत खुर्ची टाकून बसले. आधी काहीच नाही; पाखरांचे आवाज. मग दूरवर कुणी जाड कापड फाडते आहे असा आवाज. तो वाढत आला, छातीत शिरला, आणि काहीतरी रंगीत समोरून गेले. मी मान वळवली तोवर ते वळणापलीकडे होते. पुन्हा पाखरे. दहा सेकंदांनी पुढचा. इथे स्वार सगळे एकदम सुटत नाहीत. दर १० सेकंदांनी एकेक सुटतो. त्यामुळे शेजारी प्रतिस्पर्धी नसतो. भांडण असते घड्याळाशी. जो आधी पोचला तो जिंकलाच असे नाही.

याचा नमुना म्हणून १९३५ ची गोष्ट सांगतात. ‘नॉर्टन’वरचा जिमी गथ्री आधी सुटला होता, आयर्लंडचा स्टॅन्ली वुड्स इटलीच्या ‘मोटो गुझी’वर त्याच्यानंतर पाऊण प्रहराच्या नव्हे, पण चांगल्या १४ मिनिटांच्या अंतराने. शेवटच्या फेऱ्याला गथ्रीची आघाडी २६ सेकंदांची. वुड्सचे मदतनीस पेट्रोल भरण्याची जय्यत तयारी करून उभे राहिले. नॉर्टनवाल्यांना वाटले, आता हा थांबणार. त्यांनी गथ्रीला सबुरीचा इशारा पाठवला. आणि वुड्स न थांबता सुसाट निघून गेला! गथ्री पोचला, त्याचे अभिनंदनही झाले. मग वुड्स आला. घड्याळे जुळवली, तर तो ४ सेकंदांनी पुढे. सव्वादोनशे मैलांहून अधिक धावून चार सेकंद! आपल्याकडे तेवढ्यात चहात साखर ढवळून होत नाही.

वेगाचे आकडे वाढत गेले. १९५७ साली, शर्यतीच्या सुवर्णमहोत्सवात, बॉब मॅकिंटायरने पहिल्यांदा ताशी १०० मैलांच्या सरासरीने फेरा पुरा केला. ज्या वर्षी मी गेले त्या २०२३ साली पीटर हिकमनने १३६.३५८ मैलांची सरासरी गाठली. म्हणजे सदतीस मैलांचा सगळा डोंगर साडेसोळा मिनिटांच्या आसपास. पुण्यात मला तेवढा वेळ एका सिग्नलवरून दुसऱ्यापर्यंत लागतो.

एक माणूस मात्र या शर्यतीत न उतरता तिचा खरा नायक झाला, असे मला वाटते. १९५४ साली सोइचिरो होंडा यांनी जाहीर केले, की आमचा कारखाना टीटीत उतरणार. युद्धात जपानची राख होऊन नऊ वर्षे झाली होती. त्याच वर्षी ते बेटावर शर्यत पाहायला गेले, आणि युरोपच्या गाड्यांची ताकद पाहून सर्दच झाले. पण ते बोलले ते विसरले नाहीत. पाच वर्षे खपून १९५९ साली त्यांची माणसे १२५ सीसीच्या शर्यतीत उतरली. नाओमी तानिगुची सहावा आला आणि संघाचे बक्षीस होंडाला मिळाले. १९६१ साली १२५ आणि २५० या दोन्ही शर्यतींत पहिले पाचही क्रमांक होंडाचे! त्याच कारखान्याच्या इंजिनावर १९८५ पासून हीरो होंडा आपल्या खेड्यापाड्यांत पोचली, दुधाच्या किटल्या आणि पोरांची दप्तरे वाहू लागली. काळाची उलटापालट अशी, की फाउलरची ‘नॉर्टन’ २०२० साली आपल्या दक्षिणेच्या टीव्हीएस कंपनीने विकत घेतली.

पण शर्यतीच्या इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवता येत नाही. १९७२ साली पावसात इटलीचा गिल्बेर्तो पार्लोती डोंगरावर मरण पावला. त्याचा मित्र जियाकोमो अगोस्तिनी या बेटावर दहा वेळा जिंकलेला. त्याने ठरवले, पुन्हा इथे शर्यतीत उतरायचे नाही. आणि ते पाळले. १९७६ नंतर जागतिक अजिंक्यपदाच्या यादीतूनही या शर्यतीचे नाव गेले. शहाण्या माणसांनी तोंड फिरवले, की एखादी गोष्ट आपोआप संपते, असे आपल्याला वाटते. ही संपली नाही. १९७८ साली माइक हेलवूड अकरा वर्षांनी परत आला, ३८ वर्षांचा, टक्कल पडू लागलेला, आणि ‘डुकाटी’वर जिंकला. एकूण १४ विजय त्याच्या नावावर. तो या बेटावर मेला नाही. १९८१ च्या मार्चमध्ये तो मुलांना घेऊन मोटारीने तळलेले मासे आणि बटाट्याचे काप आणायला निघाला होता. समोर एक मालमोटार रस्त्यातच वळली. तो गेला, आणि त्याची नऊ वर्षांची मुलगीही गेली.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. मासे काय, दूध काय.

आणि डनलॉपांचे घराणे. उत्तर आयर्लंडच्या बॅलिमनी गावचा जोई डनलॉप, गुत्त्याचा मालक, अबोल माणूस. हिवाळ्यात आपल्या गाडीत धान्य, कपडे भरून एकटाच रुमानिया, बोस्नियाच्या अनाथालयांत पोचवून येई. टीटी त्याने २६ वेळा जिंकली. २००० सालच्या जूनमध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, एकाच आठवड्यात तीनदा. पुढच्याच महिन्यात एस्टोनियात पावसाळी रस्त्यावर तो झाडावर आदळून गेला. त्याचा भाऊ रॉबर्ट २००८ साली आयर्लंडातल्या एका शर्यतीच्या सरावात गेला. दोन दिवसांनी रॉबर्टचा मुलगा मायकेल त्याच ठिकाणी शर्यतीत उतरला आणि जिंकला. २०१८ साली मायकेलचा भाऊ विल्यम गेला. आणि २०२४ साली मायकेलने काकाचा २६ विजयांचा विक्रम मागे टाकला. लोक याला शौर्य म्हणतात. असेलही. मला मात्र त्या घरातल्या बायका दिसतात. सकाळी कोण कुणाला काय विचारीत असेल? चहा कोण करीत असेल?

आम्ही बेटावर होतो त्याच आठवड्यात एका स्पॅनिश स्वाराला मरण आले. माझ्या मुलाची चौकी तिथे नव्हती. तरी तो संध्याकाळी परतला तेव्हा नारिंगी जाकीट न काढताच पायरीवर बसून राहिला. त्या वृद्ध बाईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि काही न विचारता आत निघून गेल्या. या बाबतीत त्यांची सवय माझ्यापेक्षा जुनी होती. मला राहवले नाही. मी म्हटले, “अरे, हे बंद का करीत नाहीत?”

“बंद करून कुठे जातील, आई?” तो म्हणाला. “इथे निदान वळणावळणावर कुणी तरी उभे असते. रस्ता कुठे ओला आहे, पुढे कोण पडले आहे, ते सांगायला. पिवळा झेंडा हलवला की मागचा सांभाळतो. माझे काम तेवढेच.” मग थोड्या वेळाने म्हणाला, “मामाच्या वळणावर कुणी नव्हते.”

त्याने मामाला पाहिलेले नाही. आमच्या घरात ती गोष्ट कुणी उघड सांगतही नाही. ती त्याच्यापर्यंत कधी पोचली, कुणी पोचवली, मला ठाऊक नाही. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले.

या शर्यतीत झेंडे धरणारी ही माणसे पगारी नसतात. शेकडो लोक रजा काढून, पदरचे भाडे भरून येतात; पुरेशी माणसे जागेवर नसली तर शर्यत सुरूच होत नाही. त्यांचे नाव कुठल्या चषकावर कोरले जात नाही. या बेटाचे चिन्ह मोठे चमत्कारिक आहे: गुडघ्यात वाकलेले तीन पाय, चाकाच्या आऱ्यांसारखे एकमेकांत गुंतलेले. खाली लॅटिन वचन, त्याचा अर्थ, कसेही फेका, उभेच राहील. एकेका माणसाच्या बाबतीत हे खरे नाही, हे त्या बेटाइतके कुणाला ठाऊक असणार? पण तीन पायांचे चिन्ह बहुधा एका माणसाचे नसावेच. एक पडला तर धरायला दुसरा, आणि धावत यायला तिसरा.

ही शर्यत मला आवडली, असे मी म्हणणार नाही. मायकेलच्या आईशी मला बोलता आले असते, तर ती काय म्हणाली असती, याचा मी अजून विचार करते. पण मुलाला ‘झेंडा सोड’ असे मी म्हटले नाही. त्याच्या मोटारसायकलीबद्दल मात्र आमचे बोलणे चालू आहे, आणि ते चालूच राहील.

निघायच्या आदल्या दिवशी शेवटची शर्यत संपली. ‘रस्ता खुला’ अशी पाटी लावलेली एक मोटार सावकाश समोरून गेली. त्या बाईंनी पुढचे दार उघडले, पायरीवरची धूळ झाडली आणि कुंडीतल्या रोपांना पाणी घातले. थोड्याच वेळात त्याच रस्त्याने दुधाची गाडी आली, ताशी वीस मैलांनी.